भोईरशेठांच्या कपाटातली बाटली

खाडीकाठच्या कोळंबी सोसायटीचे चेअरमन भोईरशेठ असे संशयी, की ऑफिसातला चहासुद्धा आधी शिपायाला पाजायचे आणि मगच आपण प्यायचे. यंदा कमल तांडेलच्या तळ्यातली कोळंबी शिजवल्यावर सगळ्यांपेक्षा लालबुंद निघाली, तेव्हा शेठांची झोपच उडाली.

भर सभेत ते कडाडले, "कमळे, खाद्यात रंग घालतेस! उद्यापासून तुझा माल बंद!"

"रंग नाही शेठ, लाल यीस्ट आहे, जिवंत बुरशी. गुळाच्या पाण्यात वाढवते आणि खाद्यात मिसळते."

"कशावरून?"

कमलने उकळून गार केलेल्या गुळाच्या पाण्याची बाटली पुढे ठेवली. "यात चिमूटभर यीस्ट तुम्हीच घाला, आणि तुमच्याच कपाटात ठेवा. रंग असेल तर आहे तेवढाच राहील, यीस्ट असेल तर वाढून पाणी लाल करेल."

शेठांनी बाटली हुंगली, उजेडात धरली. चिमूट कसली, राईएवढाच कण टाकला. पाणी होतं तसंच राहिलं. वर कापसाचं बूच, त्यावर सही केलेला कागद, कपाटाला कुलूप, आणि किल्ली थेट कडदोऱ्याला.

चार दिवसांनी सगळ्यांसमोर कपाट उघडलं. सही जशीच्या तशी, पण बाटली लालभडक!

"लबाडी!" शेठ ओरडले. "एवढ्याशा कणाने एवढा रंग? मागाहून कुणीतरी ओतलाय!"

"असेलही," कमल शांतपणे म्हणाली. "कुलूप तुमचं, सही तुमची, किल्ली तुमच्या कमरेला. कोणी ओतला, ते तुम्हीच सांगा."

शेठांनी कडदोरा चाचपला. किल्ली जागेवरच होती. ती हरवली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटलं.