बेलभंडार उचलल्यावर

खंडोबाच्या सभामंडपात पक्षाचे कार्यकर्ते दाटीवाटीने बसले होते. नगराध्यक्षपदाची उमेदवारी तात्यासाहेब जगदाळ्यांना द्यायची की मथुराबाई कोळप्यांना, हे आज हात उंचावून ठरणार होते. तात्यासाहेबांनी निंदेत जिव्हा अशी विटाळली, की देवालाही कान झाकावेसे वाटावेत. "पाणीयोजना या बाईनेच खाल्ली! हिच्या हाती गाव द्यायचे?"

मथुराबाईंची आयुष्यभराची निर्मळ सेवा क्षणात मातीमोल होऊ पाहत होती.

"काकू, यांचीही अंडीपिल्ली बाहेर काढा की!" मागून कोणी ओरडले.

बाई उठल्या. "आधी रीत होऊ द्या, तात्यासाहेब. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यासाठी दारोदार मते मागायची, अशी शपथ घेत आपण बेलभंडार उचलतो ना?"

"उचलतो की! हरणार तर तुम्हीच!" तात्यासाहेबांनी ऐटीत देवापुढचा बेलभंडार उचलला. बाईंनीही उचलला.

"आता सांगा. मी जिंकले, तर दारोदारी आजचे भाषण खरे म्हणाल की खोटे? खरे म्हणाल तर शपथ मोडेल. खोटे म्हणाल तर आज देवासमोर खोटे बोललात. तुम्ही जिंकलात, तर मला एकही शब्द मागे घ्यावा लागणार नाही. म्हणून तर मी तुमची निंदा केली नाही!"

मंडपात 'येळकोट येळकोट'चा गजर उसळला आणि बाईंच्या नावावर हातांचे रान उभे राहिले.

तात्यासाहेब हात जोडून म्हणाले, "मथुराबाई, उद्या प्रत्येक दारी आधी माफी मागतो, मग मत."