अर्ध्या सुराची चूक

वसईकडच्या एका गावात इनास नावाचा एक फुलबागायतदार राहत होता. वाडीचं काम मुलगा बघू लागला आणि इनासला एक छंद लागला. गावच्या चर्चमध्ये जुन्या लॅटिन गीतांच्या वह्या होत्या, कोणी कोणी हाताने उतरवलेल्या. शाई फिकट झालेली, कागदाला कसर लागलेली. इनास त्यातलं एक पान घेऊन बसे आणि त्यातला सूर न् सूर कॉम्प्युटरवर उतरवी. पान पुरं झालं की ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवी. मग कुठल्या तरी दूरच्या गावाहून कोणी लिही, "तुमचं पान आम्ही गायलो." तेवढ्यावर त्याचा आठवडा आनंदात जाई.

शेजारच्या आळीत रेजिना राहायची. नर्सच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झालेली. ती म्हणाली, "इनासदादा, मलाही शिकवा की." त्याने हौसेने शिकवलं.

वर्षभरात रेजिना त्याच्या पुढे गेली. त्याचं एक पान होईपर्यंत तिची तीन व्हायची. लोकांची पत्रं तिला येऊ लागली. एका रविवारी फादरांनी चर्चमध्ये तिचं कौतुक केलं. इनासचं नाव घ्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं. इनासने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

रेजिना प्रत्येक पान आधी त्याला पाठवायची. "दादा, एकदा नजर टाका. तुम्ही ठीक म्हणालात की मगच ठेवते." पूर्वी तो ते प्रेमाने वाचायचा. आता तो त्यात चूक शोधायचा, आणि सापडली नाही की चिडायचा.

एक दिवस चूक सापडली. चार आवाजांत गायचं एक संध्याकाळचं गीत होतं. तिसऱ्या आवाजात एका सुराच्या आधी छोटीशी खूण होती, सूर अर्ध्याने खाली आणणारी. ती रेजिनाच्या नजरेतून सुटली होती. हेच गीत महिन्याभराने चर्चच्या सणाला शहरातला गायकवृंद तिच्या पानावरून गाणार होता.

इनासने उत्तर लिहिलं, "ठीक आहे."

तो महिना त्याचा फार मजेत गेला. तिची चूक सगळ्या गावासमोर कळू दे, असं तो मनाशी म्हणायचा.

सणाच्या संध्याकाळी अंतोन मास्तरांना खुर्चीवर बसवून आणलं. मास्तर एक्क्याण्णव वर्षांचे. गावचा गायकवृंद त्यांनीच चालवला होता. तो मोडल्याला चाळीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत हे त्यांचं आवडतं गीत त्यांनी ऐकलं नव्हतं.

गाणं सुरू झालं. ती जागा आली. तिसरा आवाज वाकडा गेला. इनासने आजूबाजूला पाहिलं. कोणाच्या कपाळावर आठी नव्हती. जुनं गाणं असंच असेल, असं लोकांना वाटलं. टाळ्या झाल्या, रेजिनाला फुलं दिली.

दचकले ते फक्त मास्तर. त्यांनी आधी एका कानात बोट घातलं, मग दुसऱ्यात. लेकीला म्हणाले, "चल घरी. सुराचे कान गेले माझे."

त्यानंतर मास्तरांनी रेडिओ बंद केला. रविवारी चर्चला जायचं सोडलं. लेक सांगायची, "बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात." हे इनासच्या कानावर आलं. चार दिवस त्याने कसेबसे काढले. पाचव्या दिवशी सकाळी तो मास्तरांच्या घरी गेला.

"मास्तर, तुमचे कान शाबूत आहेत. त्या पानात एक सूर चुकीचा होता. रेजिनाच्या हातून."

मास्तर खुर्चीत सरळ झाले. "तिसरा आवाज?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

इनासला सांगता आलं असतं, त्याच संध्याकाळी कळलं. शब्द ओठांवर आले होते. समोरचा म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"महिनाभर आधी," इनास म्हणाला. "तिने मला विचारलं होतं. मी ठीक आहे म्हणालो."

मास्तर म्हणाले, "चाळीस वर्षांनी एकदा ऐकायला मिळालं होतं रे."

तिथून इनास थेट रेजिनाकडे गेला आणि तिलाही सगळं सांगितलं. तिने मूळ पान काढलं, खूण पाहिली आणि तिथल्या तिथे चूक दुरुस्त केली.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "पण दादा, मी तुमच्या भरवशावर होते. यापुढे पानं मी दुसऱ्या कोणाला तरी दाखवीन."



दुपारी दोघं कॉम्प्युटर घेऊन मास्तरांकडे गेली. यंत्राने चारही आवाज वाजवले. मास्तर बोटाने ताल धरून ऐकत होते. ती जागा आली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"हाच सूर," ते म्हणाले. मग म्हणाले, "माणसांच्या तोंडून ऐकायचं मात्र राहिलं."

शहरातल्या गायकांनी नाताळात पुन्हा येऊन बरोबर गायचं कबूल केलं. ते आले, गायलेही अगदी बिनचूक. पण मास्तर त्याआधीच, नोव्हेंबरात गेले होते.

तात्पर्य: दुसऱ्याची चूक दिसत असूनही मत्सरापोटी जो गप्प राहतो, ती चूक त्याचीच होते, आणि तिची झळ भलत्याच माणसाला लागते.