गंप्या जेवत नाही

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा गादीवर होता आणि त्याच्या वतीने त्याची भीती कारभार पाहत होती.

राजाला सर्वांचीच भीती वाटे. सेनापती शूर निघाला तर सेनापतीची, भित्रा निघाला तर शत्रूची. कोणी मुजरा उशिरा केला तर तो माजला आहे, लवकर केला तर त्याच्या मनात काहीतरी आहे. या दुखण्यावर राजाला एक औषध सापडले होते. ते सोन्याच्या ताटलीत बसलेले असे. त्याचे नाव दर्दुरपंत.

दर्दुरपंत हा बेडूक होता. ज्याची भीती वाटेल त्याचे नाव एका घासावर उच्चारायचे, घास रेशमी दोऱ्याला बांधायचा आणि बेडकापुढे हलवायचा, कारण न हलणारे अन्न बेडकाला दिसत नाही. बेडूक जीभ फेकी, डोळे आत ओढून घास गिळी, आणि त्या नावाचा माणूस जगातून नाहीसा होई. नुसता नाहीसा नव्हे. तो कधी होता हेच कोणाला आठवत नसे. आई पाळणा हलवत असे, आणि आपण रिकामा पाळणा का हलवतो आहोत, असे वाटून थांबे.

औषधात एकच खोट होती. राजालाही आठवत नसे. कोणाची भीती गेली तेच न कळल्यामुळे भीती होती तेवढीच राही, आणि राजा पुन्हा दरबारावरून नजर फिरवी. त्या वेळी मंत्री आपापल्या पायांची बोटे पाहत. हा बेडूक मुळात कोणी आणला, हेही कोणाला सांगता येत नसे. आणणाऱ्याचेच नाव आधी घातले गेले असावे, असा सर्वांचा अंदाज होता. तो कोणी मोठ्याने बोलत नसे.

बेडकाची देखभाल म्हाळसा नावाच्या बाईकडे होती. ती ताटली घासी, पाणी बदली, गांडुळे गोळा करून आणी. राजा घासावर नाव घेई तेव्हा तिला बाहेर उभे करीत. चारचौघांत ती बेडकाला पंत म्हणे. दार लोटले की गंप्या म्हणे. पंत म्हटल्यावर बेडूक ढिम्म हलत नसे. गंप्या म्हटले की अख्ख्या अंगाने तिच्याकडे वळे.

एके दिवशी गंप्याने खाणे सोडले.

गांडूळ नाकासमोरून वळवळत गेले. त्याने पाहिले नाही. पोट नगाऱ्यासारखे तटतटले होते, पाय वाळक्या शेंगांसारखे झाले होते, अंगाची ओल गेली होती. म्हाळसेने त्याच्या पोटाला बोट लावले, आणि तिला आतून कुजबुज ऐकू आली. पुष्कळ माणसे एकाच वेळी हलक्या आवाजात बोलत होती. तिने बोट काढून घेतले आणि पदराला पुसले.

राजवैद्य आले. बेडकाची नाडी कोठे असते यावर त्यांनी विचार केला आणि सुंठ सांगितली. राजज्योतिषी आले. त्यांनी जन्मवेळ विचारली आणि ती कळेपर्यंत शनीवर ठपका ठेवला. राजा दोघांकडे टक लावून पाहत होता, म्हणून दोघेही घाईने गेले.

"बेडूक जेवत का नाही?" राजाने विचारले.

"महाराज, आजारी आहे."

"आजारी आहे, की कोणी फितवला आहे?"

"बेडकाला कोण फितवणार, महाराज?"

"तेच मी तुला विचारतो आहे." राजा जरा पुढे झुकला. "एक नाव खोळंबले आहे. मुदपाकखान्यातला विसोबा."

विसोबा म्हाळसेचा धाकटा भाऊ. आईबाप गेल्यावर तिने त्याला वाढवले होते.

"त्याच्या हातून काय घडले, महाराज?"

"काल त्याने खीर केली. फार उत्तम केली. इतकी उत्तम खीर कोणी निष्ठेपोटी करीत नाही." राजाने हात झटकला. "सूर्य मावळण्याआधी बेडकाने घास घेतला पाहिजे. नाही घेतला तर तलवार आहेच. मग तिला तुझेही काम पडेल."

म्हाळसा बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बेडूक बरा झाला नाही तर दोघांची मान जाणार होती. बरा झाला तर एकट्या विसोबाचे नाव जाणार होते, आणि हेच तिला जास्त भयंकर वाटले. उद्या आपण गांडुळे गोळा करीत असू, कदाचित गुणगुणतही असू, आणि आपल्याला भाऊ होता हे आपल्याला ठाऊक नसेल. तलवारीचे भय मानेपाशी थांबत होते. हे भय थांबतच नव्हते.

विसोबाला लाकडाच्या कोठारात कोंडले होते. ती गजांपाशी गेली.

"अक्का, जेवला का तो?"

"नाही."

"बरं झालं." विसोबा घुटमळला. "म्हणजे, बरं झालं की वाईट झालं?"

"मला कळेनासं झालंय, विसू."

"खिरीला कोणी नावं तर ठेवली नाहीत ना?"

"त्या खिरीनेच घात केला मेल्या! जरा करपवता आली नाही तुला?"

"पुढच्या वेळी करपवीन," विसोबा म्हणाला, आणि पुढची वेळ हे शब्द दोघांनाही ऐकवेनात. मग तो म्हणाला, "तळ्यावर एक म्हातारा बगळा आहे. मासे आणायला जातो तेव्हा बोलतो माझ्याशी. तुसडा आहे, पण शहाणा आहे. त्याच्याकडे जा."

"बगळ्याकडे? बेडूक घेऊन?"

"बेडकाच्या पोटात काय असतं हे जन्मभर कोणी पाहिलंय, अक्का? वैद्याने की बगळ्याने?"

विसोबाने गजांतून तिचे बोट धरले. लहानपणी जत्रेत धरायचा तसे धरले.

"मला विसरू नकोस गं."

"वेडा आहेस," ती म्हणाली. याहून खात्रीचे काही तिला म्हणता येईना.

तिने गंप्याला अळूच्या ओल्या पानात घेतले. पंतांना हवापालटासाठी नेते आहे, असे पहारेकऱ्यांना सांगितले. पंतांना अडवून स्वतःचे नाव पुढे करण्याची हौस पहारेकऱ्यांना नव्हती.

तळ्याच्या काठी बगळा एका पायावर उभा होता. राखी पिसे, पिवळी चोच, डोळा कोरडा.

"कोण?"

"म्हाळसा. विसोबाची बहीण."

"हातात काय?"

"आजारी बेडूक."

"मी आजारी खात नाही."

"खायला नाही. बरा करायला आणला आहे."

बगळ्याने दुसरा पाय खाली ठेवला. अशी विनंती त्याला प्रथमच होत होती. त्याने चोच गंप्याच्या पोटाला टेकवली आणि बराच वेळ ऐकले.

"याने नावे गिळली आहेत. आता जागा उरलेली नाही. उद्याचा दिवस हा पाहणार नाही, आणि हा गेला की आतले सर्व त्याच्याबरोबर जातील."

"उपाय?"

"बेडकाने नको ते गिळले, तर तो पोटच तोंडातून बाहेर काढतो, हातांनी पुसतो आणि परत गिळतो. मी अनेकदा पाहिले आहे. बहुधा माझ्यामुळे त्यांना उशीर होतो."

"मग हा का काढत नाही?"

"दुसऱ्यांची नावे पोटात नुसती बसून राहतात. पोट उलटवील असे एकच नाव आहे. त्याचे स्वतःचे."

"पण तो काही खातच नाही!"

"आजारी बेडूक सगळे सोडतो, पण कात सोडत नाही. अंगावरून उतरली की ती तो स्वतःच खातो. तीन कामे कर. कातडी सुटेपर्यंत त्याला पाण्यात धर. धरलेला हात थरथरू देऊ नकोस; धरणारा भ्याला की कात आखडते. आणि कात तोंडात जाऊ लागली की त्याचे नाव घे. दरबारी नाव नको. ज्या नावाला तो वळतो, ते."

"नाव गिळल्यावर काय होईल?"

"तू त्याला विसरशील. मीही विसरेन. पोट उलटेपर्यंत त्याला जगात कोणी ओळखणार नाही. तेवढ्यात हातातून सोडलास तर संपले."

"जे आठवतच नाही ते धरून कसे ठेवू?"

"ते मला ठाऊक नाही. मी बगळा आहे."

"आणि तुमची दक्षिणा?"

"मेला तर माझा."

म्हाळसा गुडघाभर पाण्यात उतरली. तिने ओंजळ पाण्याखाली नेली आणि गंप्याला तिच्यात बसवले. बगळा तिच्या खांद्याशी येऊन उभा राहिला. चोच गंप्याच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर होती. ओंजळीतली कुजबुज आता पाण्यातून ऐकू येत होती. कोणीतरी हुंदका देत होते. पलीकडच्या काठावर ऊन तांबडे झाले. तिचे दात वाजत होते, पण हात तिने स्थिर ठेवले. सारी थरथर तिने पायांत उतरवली आणि पाय चिखलात रोवले.

गंप्याच्या पाठीवर एक बारीक रेघ उमटली. त्याने पाठ फुगवली, एक हात सोडवला, मग दुसरा, आणि तंग अंगरखा डोक्यावरून काढावा तशी कात ओढून तोंडात घेतली.

"गंप्या," म्हाळसा म्हणाली.

त्याने डोळे आत ओढून घास गिळला.

म्हाळसेने खाली पाहिले. तिच्या ओंजळीत एक गिळगिळीत, सुजलेला प्राणी बसला होता. त्याच्या पोटातून माणसांचे आवाज येत होते. हे काय आहे? आपण पाण्यात का उभ्या आहोत? आणि या एवढ्या मोठ्या पक्ष्याला आपल्याकडून काय हवे आहे?

"बाई," पक्षी गोड आवाजात म्हणाला, "तो बेडूक कोणाचा?"

"ठाऊक नाही."

"मग मला दे. तुला त्याची किळस येते आहे."

किळस येत होतीच. भीती त्याहून जास्त होती. ओंजळ उघडायचा अवकाश, की दोन्ही संपणार होत्या. चोच उघडली. इतक्यात तिच्या अंगठ्याला त्या प्राण्याचा गळा लागला. तो फार जलद धडधडत होता.

"कोणाचा का असेना," म्हाळसा म्हणाली, "आजारी आहे. बरा होऊ दे, मग बघू." आणि तिने ओंजळ छातीशी धरली.

ओंजळीत आचका बसला. बेडकाने जबडा फाकला आणि आपले पोट उलटे करून बाहेर काढले, पिशवी झटकावी तसे. दोन्ही हातांनी ते पुसले. पहिले त्याचे स्वतःचेच नाव पाण्यात पडले आणि म्हाळसा ओरडली, "गंप्या!" मग बाकीची पडू लागली. एकेक बुडबुडा फुटे आणि एकेक माणूस तळ्यातून उभा राही. एक कासार बांगड्यांची चळत सांभाळत आला. एक बाई आली ती कडेवर तान्हे घेऊन, पाळण्याची चौकशी करीतच. एक राणी आली. राजाला राणी होती हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. अगदी शेवटी एक मांत्रिक निघाला. "मंत्र मोडला, आता हा साधा बेडूक," एवढे सांगून तो कोणाच्या नजरेला नजर न देता झाडीत गेला.

मिशा पिळत एक उंच माणूस म्हाळसेसमोर उभा राहिला. ती पाहतच राहिली. लग्न, भांडणे, समजुती, सारे एकदम आठवले, आणि ती चिखलात मटकन बसली.

"मी तुम्हाला विसरले होते."

"ठाऊक आहे. आत सगळं ऐकू यायचं," तिचा नवरा म्हणाला. "या गंप्याशी जेवढं गोड बोललीस, तेवढं माझ्याशी उभ्या जन्मात बोलली नाहीस." आणि त्याने तिला हात देऊन उठवले.

बगळा दुसरीकडे पाहू लागला होता.

इतक्यात बेडकाचा शोध घेत राजा येऊन पोहोचला. सूर्य टेकत आला होता. मागे दोरीने बांधलेला विसोबा, पुढे घासाची ताटली घेतलेला भालदार. तळ्यात उभी असलेली ओलीचिंब माणसे राजाने पाहिली. त्याला सगळी आठवली, आणि त्या सगळ्यांची भीती एकाच वेळी परत आली. त्याने ताटलीतला घास उचलला, दोरा धरला आणि म्हाळसेच्या हातातल्या बेडकापुढे नेला. हात इतका कापत होता, की घास जिवंत असल्यासारखा नाचू लागला.

म्हाळसेला मंत्र मोडल्याचे ऐकून ठाऊक होते. पण मांत्रिकाच्या शब्दावर भावाला कोण सोडील? तिने गंप्याचे तोंड झाकायला हात उचलला.

राजाने तोंड उघडले. पण राजा कोठेही पोहोचला की आधी त्याचे नाव पुकारायचे, हा दरबारचा शिरस्ता होता, आणि भालदार शिरस्त्याला चुकणारा नव्हता.

"होशियार! राजाधिराज चंडकेतू महाराज..."

गंप्याचे पोट रिकामे होते, आणि भूक किती दिवसांची होती कोण जाणे. जीभ सटकन बाहेर आली. घास गेला.

म्हाळसेने विसोबाकडे पाहिले. तो होता. तिने राजाकडे पाहिले. राजाही होता, तो सर्वांना नीट आठवतही होता. पण मंत्र मोडल्याचे त्याला ठाऊक नव्हते; आपलेच नाव गिळले गेले, या समजुतीने त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी कोण?" राजाने विचारले. "कोणीतरी सांगा. मी कोण आहे?"

एवढे सोपे उत्तर त्या राज्यात आजवर कोणाला अडले नव्हते. म्हाळसेने गंप्याला पदराखाली घेतले.

"नाही बाबा ओळखलं," ती म्हणाली. "रस्ता चुकलात का?"

"कोणी ओळखते का यांना?" राणीने विचारले. कासाराने मान हलवली. पाळण्याची बाई म्हणाली, "आमच्या गावचे नव्हेत." विसोबा म्हणाला, "भुकेले दिसतात. खीर देऊ का थोडी?"

राजा भालदाराकडे वळला. भालदाराने त्याच्याकडे पाहिले, राणीकडे पाहिले आणि घसा साफ केला.

"या गृहस्थांना मी प्रथमच पाहतो आहे," तो म्हणाला.

तेव्हा राजाने मुकुट काढला. परक्याची वस्तू चुकून उचलली असावी, तशा संकोचाने तो काठावर ठेवला, आणि मावळतीकडे चालू लागला. त्याला कोणी हाक मारली नाही.

राणीने विसोबाचा दोर सोडवला आणि मुकुट उचलला. पाळणे पुन्हा भरले. मंत्र्यांनी पायांच्या बोटांवरून नजर काढली आणि आपापसांत भांडणे सुरू केली, तेव्हा कारभार ताळ्यावर आला असे लोकांनी मानले. सीमेपलीकडच्या एका खेड्यात म्हणे एक नवा गुराखी आला आहे. त्याला तिथे कोणी ओळखत नाही, म्हणून त्याला कोणाची भीती वाटत नाही, आणि त्याला झोप फार गाढ लागते.

म्हाळसेच्या अंगणात पाण्याची कुंडी आहे. गंप्या दोन्ही वेळा पोटभर जेवतो. तो जेवला, आता ऐकणाऱ्यांनीही जेवून घ्यावे.