प्रधानाने लपवलेलं बाळ

"...मग काल मी खोटं बोललो की खरं बोललो, तेवढंच सांगा."

दाजी धुरी तोंडावरचा रंग उतरवत होते. खोबरेल तेलात भिजवलेलं फडकं ते गालावरून फिरवत होते. अर्धं तोंड अजून राजाचं होतं, अर्धं दाजींचं.

"दाजी, मी विचारतोय."

"आयकतंय. ह्यो एक गाल रवलो."

भार्गव गप्प बसला. पण त्याचं गप्प बसणंही उभ्याउभ्याच होतं.

सातेरीदेवीच्या देवळाच्या मंडपात ऊन आलं होतं. रात्रीचं नाटक संपलं होतं, कंपनीच्या ट्रंका टेम्पोत चढत होत्या. संध्याकाळी पुढच्या गावाची जत्रा होती. भार्गवने आपली पिशवी मात्र खांबाशी वेगळी ठेवली होती. दहाला कोल्हापूरची एस. टी. होती. दाजींचं उत्तर पटलं नाही तर तो त्या गाडीने घरी जाणार होता, कायमचा.

जाणं सोपं नव्हतं. बी. ए. झाल्यावर नोकरीचा एक अर्जसुद्धा न करता तो या दशावतारी कंपनीत आला होता. सुट्टीत मामाकडे आला असताना त्याने दाजींचा राजा पाहिला होता, आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

पण त्याच्याही आधीचं एक व्रत होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, प्रकल्पाचे आकडे कँटीनमध्ये बसून रचणारी मुलं त्याने पाहिली, आणि त्यावर डोळे मिटून सह्या करणारे प्राध्यापकही पाहिले. त्या दिवशी त्याने ठरवलं, आपण खोटं बोलायचं नाही. कुणाशी नाही, कशासाठी नाही. काकूने हौसेने घेतलेली साडी त्याला आवडली नाही, तर तेही त्याने तिला सांगून टाकलं. काकू अजून बोलत नव्हती.

कंपनीत सुरुवातीला निभावलं. दाजींनी त्याला ऋषी दिले, दूत दिले, एकदा विष्णूही दिला. या मंडळींना खरं बोलायची अडचण नसते.

काल प्रधान करणारा नट तापाने घरी राहिला, आणि दाजींनी प्रधान भार्गवला दिला.

दशावतारात नाटक लिहिलेलं नसतं. दुपारी मालक कथा सांगतो, कोणामागून कोण येणार ते सांगतो, आणि रात्री ज्याचे शब्द त्याने बोलायचे. काल दुपारीही दाजींनी नेहमीसारखी थोडक्यात कथा सांगितली. "प्रधान राजाचा पोर पळवता आणि लपवता. राजा इचारता, पोर खंय? प्रधान सांगता, वाघान नेल्यान. फुडे राजा रडता. शेवटाक पोर गावता. बाकी तुमचा तुमी बघा."

रात्री टॉवेलाची गुंडाळी छातीशी धरून भार्गवने बाळ पळवलं. ते उत्तम जमलं. मग राजा आला. दाजींचा राजा. त्याने थरथरत्या आवाजात विचारलं, "प्रधानजी, आमचं बाळ कुठे आहे?"

भार्गवने तोंड उघडलं. वाघ ओठांपर्यंत आला आणि अडकला. हे वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होणार होतं.

"महाराज," तो म्हणाला, "बाळ जिवंत आहे. मीच त्याला लपवलं आहे."

पेटी थांबली. मृदंगावरचा हात हवेतच राहिला. राणीच्या वेषातला भिवा हुंदका द्यायच्या बेतात होता, तो हुंदका त्याने तसाच गिळला. नाटक सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, आणि ते संपलं होतं.

राजा पुढे आला. त्याने प्रधानाच्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रधानजी," मग तो म्हणाला, "आमचं दुःख तुम्हाला पाहवत नाही, म्हणून स्वतःवर आळ घेता? आम्हाला धीर यावा म्हणून खोटं बोलता? ...नका हो. एवढी माया करू नका."

समोर बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

पुढे भार्गवने जेव्हा जेव्हा खरं सांगितलं, तेव्हा तेव्हा राजाने त्याला अधिकच घट्ट मिठी मारली. शेवटी एका गुराख्याला गुहेत बाळ सापडलं, आणि राजाने सगळ्या दरबारासमोर प्रधानाची क्षमा मागितली. गावकरी म्हणाले, असं नाटक आजवर पाहिलं नव्हतं.

कंपनीतही कुणी रागावलं नाही. भार्गवला तेच जास्त लागलं.

"चाय घे रे," भिवा मंडपात येऊन पेला पुढे करत म्हणाला. त्याच्या डोळ्यांतलं काजळ अजून गेलं नव्हतं. "गोड आसा काय नाय, ता सांगू नको. मीच केलंय."

भार्गवने पेला घेतला आणि खाली ठेवला.

"दाजी, पुस्तकातलं नाटक असतं तर गोष्ट वेगळी होती. लेखक लिहितो, नट बोलतो. खोटं कुणाचं, ते निदान ठरवता तरी येतं. इथे तसं नाही. जो शब्द तोंडातून बाहेर पडतो, तो माझा."

"तुझोच," दाजी म्हणाले.

"म्हणजे खोटंही माझंच."

दाजींनी फडकं पुन्हा तेलात बुडवलं.

"म्हणून मी खरं बोललो. आणि झालं काय? माझ्या प्रत्येक खऱ्या शब्दाने राजा जास्तच फसला. खोटं बोलून जमलं नसतं इतका फसला. मी व्रत पाळलं की मोडलं, मला काही कळत नाही."

दाजींनी फडकं पिळलं.

"आणि तुम्हीसुद्धा. प्रधान खोटं बोलतोय असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला माहीत होतं, मी खरं सांगतोय."

"माका म्हायत होता," दाजी म्हणाले. "राजाक खंय म्हायत होता?"

"ही नुसती चलाखी झाली."

"व्हय."

भार्गवला हे 'व्हय' सहन झालं नाही. समोरचा माणूस वाद घालत असला की त्याला बरं वाटायचं. दाजी वादच घालत नव्हते. भिंतीला धडक मारायला जावं आणि तिथे दार उघडंच असावं, तसं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "खोटं बोलल्याशिवाय हे काम होत नसेल, तर मला ते करता येणार नाही. मी दहाच्या गाडीने जातो."

त्याने वाकून पिशवी उचलली. ती जड लागली. आत कपडेच होते.

"तूच मां रे कालचो प्रधान?"

मंडपाच्या पायरीवर एक म्हातारी उभी होती. एका हातात देवीसाठी जास्वंदीची फुलं, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. चालून आल्यामुळे तिला दम लागला होता.

"हो, मावशी."

"मेल्या, रातभर माका झोप लागाक नाय."

नाटक बिघडवल्याबद्दल शेवटी कुणीतरी बोलणार, या विचाराने भार्गवला जवळजवळ बरं वाटलं. त्याने मान खाली घातली.

"पोर गावला काय?" म्हातारीने विचारलं.

"कुणाचं पोर?"

"कोणाचा म्हणजे? राजाचा. मदीच घराकडसून निरोप इलो, गाय व्याता म्हणान. धावत गेलंय. वासरू बरा आसा. पण गाय तेका चाटूक लागली आणि माका ता पोर आठावला. तू सांगतंस पोर जित्ता आसा, आणि राजाचो काय विश्वास बसना. मगे काय झाला?"

भार्गवने तिच्याकडे पाहिलं. फसवणं त्याला शक्य नव्हतं, भोळ्या माणसाला तर नाहीच.

"मावशी, ते पोर नव्हतं. टॉवेलाची गुंडाळी होती."

"निळो टुवाल," म्हातारी म्हणाली. "माका काय डोळे नाय? मी टुवालाचा इचारूक नाय, पोराचा इचारतंय."

दाजींचं फडकं थांबलं.

टेम्पोपाशी कुणीतरी ट्रंक आपटली. म्हातारी उत्तराची वाट पाहत होती. पुडी धरलेली तिची बोटं आवळलेली होती.

"...सापडलं," भार्गव म्हणाला.

"जित्ता?"

"जिवंत. अगदी सुखरूप."

"लपवलेलंस खंय?"

"डोंगरातल्या गुहेत."

"गुहेत? ह्या थंडीत?"

"आत सुकं गवत पसरलं होतं. वर घोंगडी होती."

"आणि दूध? एवढा ल्हान पोर. दूध कोणी पाजल्यान?"

भार्गव क्षणभर अडखळला. मग अडखळला नाही.

"एक गुराखीण होती. तिचंही पोर अंगावर पिणारं होतं. ती दोघांना पाजायची. आधी याला, मग आपल्याला. याला घेतलं की हे तिचं बोट धरून ठेवायचं."

म्हातारीने श्वास सोडला. कालपासूनचा असावा. तिचे खांदे खाली आले आणि ती होती त्याहून बुटकी दिसू लागली.

"मगे बरा," ती म्हणाली. "मगे बरा रे बाबा."

तिने पुडी त्याच्या हातात ठेवली. आत चुरमुऱ्याचे लाडू होते.

"पोराक आता खंय पोचवू? तू खा." देवीकडे वळता वळता तिने दाजींकडे एक नजर टाकली. "आणि राजानूं, इतके भोळे रवल्यात तर राज्य जातला."

"व्हय गे बाय," दाजी म्हणाले. "ध्यानात ठेवतंय."

ती गाभाऱ्यापाशी गेली. घंटा वाजली.

"गुराखीण खंयसून इली रे?" दाजींनी विचारलं. "काल तर नाय होती."

"नव्हती."

"मगे?"

"माहीत नाही. त्यांनी दुधाचं विचारलं, आणि... ती तिथे होतीच."

"व्रत मोडला?"

दुखणारा दात जिभेने चाचपून बघावा, तसं भार्गवने आत चाचपून पाहिलं. रात्रभर जिथे ठणकत होतं, तिथे आता काहीच दुखत नव्हतं. त्याने पुन्हा एकदा पाहिलं. त्याचा स्वभावच तसा होता.

"नाही," तो म्हणाला. मग त्याला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. कालपासून आवळून धरलेला जबडा सैल झाला, आणि आपल्याला केवढी भूक लागली आहे ते त्याच्या लक्षात आलं. त्याने एक लाडू अख्खाच तोंडात कोंबला. एक दाजींपुढे धरला.

रस्त्यावरून एस. टी. गेली. ती गेल्यावर, धूळ खाली बसताना, त्याला कळलं की ती आपली होती.

त्याने पिशवी टेम्पोत नेऊन ठेवली, भिवाच्या ट्रंकेवर.

"एस. टी. चुकली तुझी?" भिवाने विचारलं.

"चुकली."

"खरा बोलतंस मां?"

"चहा गोड नव्हता," भार्गव म्हणाला. भिवाने त्याच्या पाठीत धपका घातला.

तो परत आला तेव्हा दाजींनी दुसरा गालही पुसून काढला होता. राजा गेला होता. एक काळासावळा, थकलेला माणूस ट्रंकेचं झाकण लावत होता.

"दाजी, आज रात्री मी कोण होऊ? परत ऋषी?"

"प्रधान."

"आणि राजाने विचारलं, बाळ कुठे, तर?"

दाजींनी कडी घातली. ट्रंक उचलून त्याच्या डोक्यावर दिली.

"वाघान नेल्यान म्हणान सांग. डोळ्यात डोळो घालून सांग. ...पण पोर खंय लपवलंस, ता इसरू नको."