पंचांचा सरडा

आमच्या पत्ते-क्लबात एक सोयीचा नियम आहे: स्पर्धा जिंकेल तो पुढच्या वर्षीचा पंच. त्यामुळे सहा वर्षं पंच सदानंद वर्तक आणि विजेतेही वर्तकच.

खेळ प्राण्यांच्या पत्त्यांचा; ज्याचे पत्ते आधी संपतील तो हरला. वर्तकांचा लाडका पत्ता सरडा. त्याचं स्वतःचं बळ शून्य, पण समोरच्या पत्त्यावर छापलेलं सगळं तो उचलतो आणि वर एक बळ जास्त घेतो. "सगळं म्हणजे सगळं, निवडानिवड नाही," हा निकालही वर्तकांनीच दिलेला. वाघसुद्धा सरड्यापुढे टिकत नसे.

यंदा अंतिम फेरीत वर्तकांकडे फक्त सरडा उरला आणि मृणाल तांडेलकडे दोन पत्ते. पाकीट फोडताच सगळे जे बाजूला फेकतात, ते पाखरू तिने पुढे केलं. त्यावर छापलेलं एवढंच: बळ एक, आणि चाल संपली की मरतं.

सरड्याने पाखराला मारलं.

"चाल संपली," मृणाल म्हणाली. "आता सरडाही मेला."

वर्तक समजुतीने हसले. "पंच म्हणून सांगतो, सरडा मरण उचलत नाही."

"बरं, काका. सगळं उचललं असेल, तर तो आत्ता मेला. निवडानिवड नाही, म्हणजे मरण नाही तर काहीच उचललं नाही. मग बळ शून्य, आणि त्याला पाखरानेच मारलं. कसा मेला, तेवढं पंचांनी ठरवावं."