पालखीपुढचा किल्ट

सकाळी सव्वासहाची वेळ, नदीकाठचं सोनबर्डी गाव, देवळाचं महाद्वार. धुकं दीपमाळेच्या निम्म्यापर्यंत चढलं होतं आणि पालखीचे भोई त्यात तरंगल्यासारखे दिसत होते.

पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार केरबा सुतार पालखीपुढे बॅगपाइप घेऊन उभे होते. इथे त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षं सनई वाजवली. ते गेल्यावर हा मान केरबांना पहिल्यांदाच मिळत होता. अंगावर पलटणीचा बँडवेश होता, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चौकटीचा किल्ट.

"हवालदार, वहिनींचा परकर आणलात काय?" एका भोयाने विचारलं.

"तिला आखूड होतो," केरबा म्हणाले.

इतक्यात मुख्य विश्वस्त अप्पासाहेब पूजा आटोपून बाहेर आले. उघडं अंग, कमरेला रेशमी सोवळं.

"पुरुषानं चारचौघांत हे नेसायचं? पॅन्ट घालून या, नाहीतर मान दुसऱ्याला देतो."

केरबांनी शांतपणे विचारलं, "अप्पासाहेब, पॅन्ट घालून तुम्हाला गाभाऱ्यात जाता आलं असतं?"

"छे. सोवळंच लागतं."

"म्हणजे पॅन्ट उतरवली तरच देव जवळ करतो. मी ती घरीच उतरवून आलोय. आता देवाचं ऐकू की तुमचं, तेवढं सांगा."

भोयांनी हसत पालखी उचलली. धुक्यातून सूर निघाला आणि नदीच्या पलीकडे जाऊन विरला.

गाभाऱ्याच्या दारावर 'पॅन्ट घालून प्रवेश नाही' अशी पाटी आहे. महाद्वारावर दुसऱ्याच दिवशी 'पुरुषांना पॅन्टशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी लागली. दोन्हींखाली अप्पासाहेबांचीच सही आहे. खरी कोणती, असं मी, याच गावचा एक भाविक, त्यांना तीनदा लेखी विचारलं. उत्तर आलेलं नाही.