ओढ्यापलीकडचे बी

एका जंगलाची झाडे जिथे विरळ होत जातात आणि माळ सुरू होतो, तिथे एका पळसाच्या मुळाशी मुंगळ्यांचे वारूळ होते. गवताचे बी गोळा करायचे, कोठारात साठवायचे आणि त्यावर पावसाळा काढायचा, असा त्यांचा संसार होता. पण मुलांनो, आणलेले बी ते सरळ कोठारात टाकत नसत. आधी ते दारापुढे उन्हात पसरायचे. मग एकेक दाणा उचलून त्याचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो बारीकसा ठिपका, दातांनी कुरतडून काढायचा. डोळा काढलेले बी कितीही ओल लागली तरी रुजत नाही. काम मोठे किचकट आणि कंटाळवाणे. एक म्हातारी मुंगी चार-सहा थकलेल्या मुंग्यांना सोबत घेऊन दिवसभर दारात बसे आणि हे काम करी. तिला सारे आत्या म्हणत.

त्या वारुळात दोन भाऊ राहत. थोरला अंगाने दांडगा आणि मनाने मोकळा. आपल्या तिप्पट वजनाचे बी उचलून तो वर गप्पाही मारत येई. धाकटा सदा त्याच्या मागे. मुंगळे चालतात त्या वाटेवर त्यांचा वास राहतो, हे तुम्हांला ठाऊक असेलच. धाकट्याला कधी वाट शोधावी लागली नाही. दादाच्या वासावर पाय टाकत गेले की तो बरोबर जिथे जायचे तिथे पोचे.

एका उन्हाळ्यात थोरल्याच्या डोक्यात एक कल्पना आली. वारुळाला तीन कोठारे होती. तिन्ही भरली की पावसाळा निभत असे. थोरला म्हणाला, आपण आणखी चार खोदू आणि सातही भरू. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात कोणालाही पाय भाजत माळावर जावे लागणार नाही. सर्वांना हे ऐकूनच गार वाटले. त्याचे कौतुक झाले. आत्याही हसली आणि म्हणाली, पोरगा मोठ्या मनाचा आहे.

आता एवढे बी जवळपास कुठले मिळणार? कोरड्या ओढ्याच्या पलीकडे लांब कणसांचे, जाड दाण्यांचे गवत होते. थोरला रोज तिकडे जाऊ लागला. जवळच राहणारा शेणकिडा आपला गोळा ढकलत चालला होता, त्याने हे पाहिले. तो उलटा होऊन मागच्या पायांनी गोळा ढकलतो, त्यामुळे बोलतानाही त्याचे तोंड जमिनीकडेच असे.

"काय पुतण्या," तो म्हणाला, "सात भरल्यावर आठवे कुठे खोदणार? आभाळात?"

"तुमचा गोळा तेवढा सांभाळा, काका," थोरला हसत म्हणाला.

"तेच तर करतोय. गोळा केवढा वळायचा हे मी डोळ्यांनी ठरवत नाही. मागच्या पायांना विचारतो."

दोघे भाऊ खूप हसले आणि पुढे गेले.

पाचव्या दिवशी दुपार कलल्यावर डोंगराकडे आभाळ काळे झाले. इकडे मात्र लख्ख ऊन होते. आत्याने आज पुरे म्हणून निरोप धाडला. थोरल्याने तो ऐकला, पण दुसरे कोठार नुकते भरून तिसरे अर्ध्यावर आले होते आणि त्याच्या डोळ्यांपुढे सातवे दिसत होते. त्याने ओढ्यातून एक जाडजूड दाणा ओढत आणला आणि काठावर उभ्या असलेल्या धाकट्याच्या तोंडात दिला.

"हे धर. एवढे एकच आणतो, मग जाऊ."

तो परत फिरला. तो ओढ्याच्या मधोमध असताना डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी आले. आवाजही फारसा झाला नाही. वाळू होती तिथे पाणी होते, आणि पाण्यावर पाने, काटक्या आणि फेस. धाकटा दाणा तोंडात धरून उभाच राहिला. दाणा खाली ठेवला असता तर हाक मारता आली असती. तेवढे त्याला सुचले नाही.

दोन दिवस तो काठावरून हलला नाही. ओढा पुन्हा आटला, ओली वाळूही वाळली. ओढ्यापर्यंतच्या वाटेला अजून दादाचा वास होता, पण ओढ्यात तो वास एकाएकी संपत होता. तिसऱ्या दिवशी धाकटा वारुळात आला. दादाचा तो दाणा त्याने आपल्या निजायच्या कोपऱ्यात ठेवला. आत्याने त्याचा डोळा काढून देते म्हटले, तर त्याने तिला हातही लावू दिला नाही. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "दादाने सात म्हटले होते. पावसाच्या आत सात भरतील. दादाचा शब्द खाली पडू देणार नाही."

अशा वेळी नाही कोण म्हणणार? सगळ्यांचे मन भरून आले होते. चार नवी कोठारे खोदली गेली आणि सगळे कामाला लागले.

पण दिवस थोडे होते. धाकटा पहाटे सर्वांच्या आधी निघे आणि सर्वांच्या मागून परते. दमलेल्या मुंगळ्याला तो म्हणे, दादा असता तर बसला असता का? मग तो मुंगळा मुकाट्याने उठे. तापलेल्या वाळूत दोघे कोसळले, त्यांना उचलून आणावे लागले. तरी कोठारे भरेनात. तेव्हा धाकट्याची नजर दारात बसलेल्या मुंग्यांवर गेली. एवढ्या जणी नुसत्या बसून आहेत. त्याने त्यांनाही ओझी वाहायला लावले, आणि बी न वाळवता, डोळा न काढता सरळ आत टाका म्हणून सांगितले.

आत्या त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली. "धाकट्या, हे बी आत गेले की बी राहणार नाही रे. रान होईल."

"बाहेर कोरडे ठणठणीत आहे, आत्या. डोळे नंतर काढू. आधी भरू तर दे."

"तीन भरू आणि नीट भरू. तेवढ्यावर आपण आजवर जगलो."

"तुला दादाचे काहीच वाटत नाही," धाकटा म्हणाला.

हे बोलणे फार लागले. आत्या बाजूला झाली. मग एकटीच दारात बसून, जेवढे हाताला लागेल तेवढे कुरतडत राहिली.

पाऊस सुरू झाला तेव्हा सहा कोठारे भरली होती. सातव्यात तळ झाकेल एवढे बी होते. धाकटा सातव्या कोठाराच्या तोंडाशी बसला होता. त्याला वाटत होते की आणखी चार दिवस मिळते तर दादा कुठूनतरी बघून हसला असता. आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी आतून कुरकुर ऐकू येऊ लागली. आधी कोणाला कळेना. मग चौथ्या कोठाराची भिंत फुगली आणि तिला भेग पडली. आतले बी ओल पिऊन टम्म झाले होते आणि एकेका दाण्यातून पांढरा कोंब वळवळत बाहेर येत होता. कोंब वर गेले, मुळे खाली गेली. पाचव्या कोठाराचे छत उचलले गेले आणि तिथून पाणी आत आले. सहाव्यात बुरशीचा वास सुटला. चौथ्याच्या खालीच पिल्लांची खोली होती. तिच्या छतातून मुळे लोंबू लागली आणि मातीची ढेकळे पिल्लांवर पडू लागली.

सगळे वारूळ पिल्लांना वाचवायला धावले. एकेका पिल्लाला तोंडात धरून, चिखलातून वर, पळसाच्या मुळांमधल्या कोरड्या खोबणीत नेऊन ठेवायचे. जे महिनाभर ओझी वाहून मोडले होते, त्यांनाच आता हे ओझे वाहायचे होते. धाकट्याने किती फेऱ्या केल्या त्याला कळले नाही. शेवटचे पिल्लू वर पोचले तेव्हा आत्याने सगळी पिल्ले पाहिली आणि मान हलवली. एकही गेले नव्हते.

धाकटा मात्र वर थांबला नाही. तो पावसात सरळ ओढ्याकडे निघाला. वाटेला आता दादाचा वास नव्हता, पावसाने तो धुऊन नेला होता. ओढा दुथडी भरून चालला होता. धाकटा पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिला. शेणकिडा तिथेच एका दगडाखाली पाऊस थांबायची वाट पाहत बसला होता. त्याने त्याला काही उपदेश केला नाही. धावत जाऊन आत्याला घेऊन आला, आणि गोळा मागे टाकून तो धावला, हे त्या माळावर पहिल्यांदाच घडले.

आत्या धापा टाकत धाकट्याजवळ बसली.

धाकटा म्हणाला, "मला दादाचे एवढे एकच करायचे होते. तेही माझ्याने झाले नाही. वर सगळ्यांना उघड्यावर आणले."

"सातची गोष्ट त्याच्या तोंडी किती दिवस होती?" आत्याने विचारले. "पाच दिवस. मलाही ती ऐकून कौतुक वाटले. त्या दिवशी मी नुसता निरोप धाडला. स्वतः जाऊन त्याला ओढून आणायला हवे होते, ते केले नाही. ते माझ्याजवळ राहणारच आहे. पण त्या पाच दिवसांआधी तो होताच ना? तुला पहिला डोळा काढायला कोणी शिकवले?"

धाकट्याला आठवले. तो अगदी लहान होता. दाणा त्याच्या दातांत बसत नव्हता, सारखा निसटत होता. दादाने तो दाणा आपल्या दोन पायांत घट्ट धरला होता आणि म्हणाला होता, सावकाश, पळून जात नाही तो. मग दोघे मिळून सबंध दुपारभर त्या एकाच दाण्याशी झटत बसले होते. धाकटा ओढ्याच्या काठावर रडला. दादा गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडला. आत्याने त्याला रडू दिले. शेणकिडा दुसरीकडे तोंड करून उगीचच वाळू उकरत राहिला.

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. पहिली दोन कोठारे आणि तिसऱ्याचा अर्धा भाग रीतीप्रमाणे भरलेला होता. ते बी ओलावले होते, पण रुजले नव्हते. आत्याने एकटीने कुरतडलेली एक छोटी रासही तशीच धड होती. जपून खाल्ले तर पावसाळा निघणार होता. बी बाहेर काढून उन्हात पसरले गेले. धाकटा कोणी न सांगता आत्याच्या शेजारी येऊन बसला, त्याने एक दाणा उचलून पाहिला आणि त्याचा डोळा थोडा राहिला होता तो कुरतडला. मग दुसरा पाहिला. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "आत्या, त्या दिवशी मी वाईट बोललो."

"बोललास खरा," आत्या म्हणाली. "हा बघ, याचा डोळा अजून आहे."

दुपारी तो आपल्या कोपऱ्यात गेला. दादाचा दाणाही रुजला होता. त्याला बोटभर कोंब आला होता आणि तो भिंतीतल्या फटीकडे, उजेडाच्या दिशेने वळला होता. धाकट्याने तो कुरतडायला तोंड पुढे केले आणि मागे घेतले. मग तो जपून उचलून बाहेर आणला आणि दारापासून दहा पावलांवर, पाणी साचणार नाही अशा जागी ओल्या मातीत बसवला. शेणकिड्याने ते पाहिले. त्याने आपल्या गोळ्याचा एक लहानसा तुकडा तोडला आणि मुळाशी आणून ठेवला.

"तुमचा गोळा लहान झाला, काका," धाकटा म्हणाला.

"पाय खूश झाले," शेणकिडा म्हणाला.

पावसाळा ओढाताणीत गेला, पण गेला. कोणी उपाशी मेले नाही. पाऊस सरता सरता दारापुढचे गवत चांगले उंच झाले आणि त्याला लांब कणीस आले. ओढ्यापलीकडे असायचे तसेच, जाड दाण्यांचे. वारा आला की दाणे टपटप दारातच पडत. पहिल्या दिवशी सगळे मुंगळे बाहेर येऊन नुसते बघत राहिले. त्यातले काही दाणे धाकट्याने बाजूला काढले आणि डोळ्यासकट आसपास पेरले. बाकीचे आत्याच्या पुढे ओतले. पुढच्या वर्षापासून असल्या जाड दाण्यांसाठी ओढा ओलांडायची कोणाला गरज पडणार नव्हती.

एक नुकताच चालू लागलेला मुंगळा धाकट्याच्या मागे मागे तुरुतुरु येई. त्याने एकदा विचारले, "दादा, आपण यंदा किती कोठारे भरायची?"

धाकट्याला कोणी दादा म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने एक दाणा आपल्या दोन पायांत घट्ट धरला आणि छोट्याच्या पुढे केला.

"आधी याचा डोळा काढ. सावकाश, पळून जात नाही तो."

तात्पर्य : आवाक्याबाहेरचा पल्ला मनात धरला की रोजचे साधे, आवश्यक काम आधी सुटते आणि सगळे नुकसान तिथूनच सुरू होते. जेवढे नीट सांभाळता येईल तेवढेच हाती घ्यावे. गेलेल्या माणसाची आठवणही त्याच्या राहिलेल्या हट्टापेक्षा त्याने शिकवलेल्या कामातच अधिक दिवस टिकते.